क्लिंटन, ट्रम्प, बायडन: आरोपांचं वजन पक्ष बघून ठरतं का?

फटकळ:
ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रम्प यांची ती बायकांबद्दल अश्लील बढाया मारणारी २००५ सालची टेप बाहेर आली. दोन दिवसांनी, अध्यक्षपदासाठीच्या हिलरी क्लिंटनबरोबरच्या वादफेरीच्या तोंडावर, त्यांनी बिल क्लिंटनवर आरोप करणाऱ्या बायकांना शेजारी बसवून पत्रकार परिषद घेतली. डाव होता, मान्य. पण म्हणून त्या बायका खोट्या? त्यांतल्याच पॉला जोन्स यांचा लैंगिक छळाचा दावा क्लिंटननी १९९८ मध्ये साडेआठ लाख डॉलर देऊन मिटवला, चूक कबूल न करता. ज्यांनी तेव्हा काणाडोळा केला ते आता कोणत्या तोंडाने बोलतात? सगळे एका माळेचे मणी.

अर्धविराम:
२०१६ ला मतपत्रिकेवर बिल नव्हते हो, हिलरी होत्या. नवऱ्याचं पाप बायकोच्या खात्यात?

आणि एका माळेचे कसे? तडजोड झाली की पुरावा तपासायचा राहूनच जातो. ट्रम्पनी आपल्यावर अत्याचार केला असं म्हणणाऱ्या लेखिका ई. जीन कॅरोल यांच्या दाव्यात तो तपासला गेला. त्यांनी तेव्हाच दोन मैत्रिणींना सांगितलं होतं, त्या दोघींनी कोर्टात साक्ष दिली. आणखी दोन बायकांनी आपापले अनुभव सांगितले. मे २०२३ मध्ये ज्यूरीने लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी ट्रम्पना जबाबदार धरून ५० लाख डॉलर भरपाई ठरवली. बलात्कार मात्र न्यूयॉर्कच्या कायद्याच्या व्याख्येनुसार सिद्ध धरला नाही. म्हणजे ज्यूरीने डोळे मिटून शिक्का मारला नाही. ट्रम्प सगळंच नाकारतात, तो त्यांचा हक्क.

फटकळ:
डेमोक्रॅटांच्या न्यूयॉर्कची ज्यूरी! घटना नव्वदच्या दशकातली, नक्की तारीख नाही, आणि मुदत संपलेले दावे लावता यावेत म्हणून २०२२ मध्ये खास कायदा. शिवाय दिवाणी दावा, पारडं जरासं झुकलं तरी पुरे. बरं, २०२० मध्ये बायडन यांच्या माजी कर्मचारी टारा रीड यांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला तेव्हा 'बाईवर विश्वास ठेवा' म्हणणारे अचानक वकील का झाले?

ओसरी:
रीड यांच्याकडे पुरावा मागितला यात गैर काहीच नाही. बायडननी आरोप नाकारला होता, मग तपासायलाच हवं. गैर हे, की २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी ट्रम्पनी निवडलेल्या कॅव्हनॉ यांच्यावर असाच आरोप झाला त्या वेळी त्याच मंडळींना शंका म्हणजे पाप वाटत होतं. (उलट बाजूलाही हेच लागू. कॅव्हनॉसाठी शंकेचा फायदा मागणाऱ्यांनी रीडवर एका दिवसात विश्वास ठेवला.)

मी पक्षाचं नाव झाकून चारच गोष्टी बघते: तेव्हा कुणाला सांगितलं होतं का, सांगणाऱ्या एकमेकींना न ओळखणाऱ्या आहेत का, तपशील पडताळता येतात का, आणि आरोपी चौकशीला सामोरा गेला का. या शेवटच्या बाबतीत डेमोक्रॅट सिनेटर अल फ्रँकेन यांनी, बायकांनी आरोप केल्यावर, सिनेटच्या एथिक्स कमिटीची (सदस्यांच्या वर्तनाची तपासणी करणारी समिती) चौकशी स्वतःच मागितली होती. ती पुरी व्हायच्या आत, डिसेंबर २०१७ मध्ये, त्यांच्याच पक्षाने त्यांना राजीनामा द्यायला लावला. त्याच महिन्यात अलाबामात सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर अल्पवयीन मुलींबाबतचे आरोप असताना ट्रम्पनी त्यांचा प्रचार केला.

अर्धविराम:
आणि मूर हरले. रिपब्लिकनांचा बालेकिल्ला असलेल्या अलाबामात, रिपब्लिकन उमेदवार!

फटकळ:
अगदी थोडक्या मतांनी. उरलेल्यांनी आरोप ऐकून, पक्ष बघूनच मत दिलं ना? मी तेच म्हणतोय.

ओसरी:
तुम्ही 'सगळे सारखे' म्हणत होतात. ते वेगळं.