लग्नाच्या वाढदिवसाला थाळी नको म्हणे!

शाहूपुरीकर: काल एका गृहस्थांनी लिहिलंय, कोल्हापुरात नवरा-बायकोनं निवांत बसून जेवावं असं हॉटेलच नाही, लग्नाचा वाढदिवस असला की सरळ पुणं गाठा. का ओ? अंधार करून मेणबत्ती लावली आणि ताटात चार घास ठेवून बिल हजारांत काढलं की प्रेम वाढतं का? आम्ही दरवर्षी मटण थाळीच खातो. मग रंकाळ्यावर चक्कर आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. यापेक्षा रोमँटिक काय असतंय?

नागाळापार्क: रविवारी रात्री त्या थाळीच्या हॉटेलात जाऊन बघा. आपण दुसरी भाकरी मोडतोय आणि पुढच्या नंबरचं अख्खं कुटुंब आपल्या खुर्चीमागं उभं. त्यातलं पोरगं ताटाकडं टक लावून. बायको जरा मनातलं बोलायला लागली की वाढपी हजर, "रस्सा वाढू?" पुण्याला जायची गरज नाही, मान्य. पण ताराबाई पार्क, राजारामपुरीकडं टेबलांत अंतर ठेवणारी हॉटेलं आहेत की. आधी फोन करून कोपरा मागायचा.

अळणी: त्या अंतरवाल्यांचा पांढरा रस्सा खाल्लाय का? काजू पेस्ट आणि फ्रेश क्रीम! खरा म्हणजे मटणाच्या अळणीत, मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्यात, नारळाचं दूध, तीळ, खसखस, लवंग-दालचिनी. विषय संपला.

नागाळापार्क: विषय रश्श्याचा नाहीच.

पेठेतला: कोल्हापुरात विषय रश्श्याचाच असतोय. आणि अळणीसाहेब, काजू आमच्या घरात आजीपासून घालतात. खसखशीचा भाव बघितलाय का?

अळणी: मग तो रस्सा नव्हे, खीर.

पेठेतला: आजीवर जायचं काम नाही. सांगून ठेवतो.

शाहूपुरीकर: काजूचं सोडा. नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळलं की रस्सा फुटतोय, हे किती आचाऱ्यांना कळतं? परवा एका नावाजलेल्या ठिकाणी वाटीत वर पाणी, खाली चोथा.

अळणी: म्हणजे तुमच्या थाळीतसुद्धा!

गुरुवारवाली: बायकांना कुणी विचारलंय का? आमचा वाढदिवस यंदा गुरुवारी आला. माझा गुरुवार असतो, ह्यांना लग्नापासून माहीत. तरी नेलं मटणाच्याच हॉटेलात. हे वाटीवर वाटी पांढरा रिचवतायत आणि मी पापड मोडत बसलेय. वर म्हणतात, "व्हेज कोल्हापुरी मागव की." नुसता लाल रंग त्यात. त्यापेक्षा हायवेच्या ढाब्यावर अख्खा मसूर-रोटी खाऊ घातली असती तरी चाललं असतं. हॉटेल शोधायच्या आधी वार बघा.

शाहूपुरीकर: बरं ताई, पटलं. गुरुवारपुरतं. बुधवार, शुक्रवार, रविवार मात्र आमचेच.

नागाळापार्क: रविवार सोडून. खुर्चीमागचं पोरगं विसरू नका.

शाहूपुरीकर: ठीक आहे, रविवार तुम्हाला दान केला. खूश?

गुरुवारवाली: दादा, दरवर्षी थाळीच हवी का, हे वहिनींना विचारलंय कधी?

शाहूपुरीकर: ती कधी नको म्हणाली नाही.

गुरुवारवाली: मी पण म्हणाले नव्हते.

अळणी: ते घरी मिटवा. काजूचं काय ठरलं?