चित्रपटासाठी राजवाड्यावर हेलिकॉप्टर खाली आणू द्यावे काय?

रामबागकर :
गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत एका चित्रपटनिर्मात्याचे पत्र वाचून दाखवण्यात आले. रंगपंचमीच्या गेरचे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचे, दृश्य त्यांना हेलिकॉप्टरमधून टिपायचे आहे, आणि तेही आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या सातव्या मजल्यापेक्षा थोडेसेच वरून, म्हणजे माणसांच्या चेहऱ्यावरचा गुलाल ओळखू येईल इतक्या जवळून. इंदूरची गेर देशभर मोठ्या पडद्यावर दिसेल म्हणून बहुतेकांना ही कल्पना पसंत पडली आणि मंडळाने पाठिंब्याचे पत्र द्यावे असे ठरू लागले. माझा त्याला विरोध आहे.

दाट वस्तीवरून उडताना ६०० मीटरच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर किमान ३०० मीटर राहावे, हा नियम आपल्याकडेही आहे. त्याहून खाली यायचे तर खास परवानगी लागते, आणि उडत्या यंत्रातून चित्रीकरण करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. पण हा सारा व्यवहार निर्माता आणि कार्यालये यांच्यात होतो. ज्यांच्या डोक्यावरून ते यंत्र जाणार, त्यांना आवाज येईपर्यंत पत्ता नसतो.

२३ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात एका चित्रपटाच्या चित्रीकरणात स्फोटाचा मारा हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याला लागला, ते खाली कोसळले आणि एक अभिनेता व दोन लहान मुले जागीच गेली. दिग्दर्शकासह पाच जणांवर खटला चालला आणि १९८७ साली पाचही निर्दोष सुटले. तेथे खाली असलेली माणसे निदान त्या चित्रपटाचा भाग होती. राजवाड्यासमोर गेर पाहायला मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या बापाने असा कोणता करार केलेला असतो?

चित्रीकरणवाला :
रामबागकर काका, मी पंधरा वर्षे याच व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. १९८२ च्या घटनेत जमिनीलगत हेलिकॉप्टर, रात्रीची वेळ आणि शेजारी स्फोट असा मेळ घातला गेला होता. त्या एका बेफिकिरीवरून आकाशातून होणाऱ्या प्रत्येक चित्रीकरणाला धोकादायक ठरवणे न्याय्य नाही. चित्रीकरणासाठी अनुकूल राज्य म्हणून ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मध्य प्रदेशाची निवड झाली, आणि त्याचा लाभ महेश्वरच्या घाटावर नाव चालवणाऱ्यापासून इंदूरच्या सुतार, शिंपी आणि स्वयंपाक्यापर्यंत पोहोचतो, हे मी रोज पाहतो.

आता काही जण म्हणतील की ड्रोन वापरा. ड्रोन वीस-तीस मिनिटांत बॅटरी बदलायला खाली येतो, आणि हेलिकॉप्टरच्या नाकाखाली बसवलेल्या स्थिर कॅमेऱ्याची लांब लेन्स जे दूरवरून दाखवते ते लहान ड्रोनला जमत नाही. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ड्रोनलाही हवाई नियंत्रणाची परवानगी लागते, आणि आपला विमानतळ शहराला किती लागून आहे हे आपण जाणताच. गर्दीवर ड्रोन पडला तरी माणूस जखमी होतोच.

आकडेमोड :
व्यवसायाने मी यंत्र अभियंता आहे. चित्रीकरणासाठी पुष्कळदा वापरले जाणारे एक इंजिनाचे हेलिकॉप्टर घ्या. त्याचे कमाल वजन २२५० किलो आणि मुख्य पंख्याचा व्यास १०.६९ मीटर. एवढे वजन हवेत एका जागी तोलून धरायचे तर पंख्याने सुमारे ९० चौरस मीटरच्या वर्तुळातून हवा सतत खाली ढकलावी लागते. हिशेब केला तर पंख्यापाशी या झोताचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास येतो आणि थोडे खाली गेल्यावर तो दुपटीपर्यंत वाढतो, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरहून अधिक. पुढे झोत पसरत जातो आणि त्याचा जोर ओसरतो. ३०० मीटर खाली तो जवळजवळ जाणवणारही नाही, आणि यंत्र वेगाने पुढे जात असेल तर तो मागे रेंगाळतो. परंतु इमारतीच्या माथ्यापासून वीस-तीस मीटरवर, चौकटीत गर्दी भरून राहावी म्हणून जेथल्या तेथे थांबणे, हा सर्वांत वाईट प्रसंग आहे. मल्हारगंजच्या जुन्या घरांवरचे पत्रे आम्ही विटा आणि जुने टायर ठेवून दाबलेले आहेत, हे ज्यांनी वरून पाहिले नसेल त्यांनी एकदा गच्चीवर येऊन पाहावे.

निवृत्त वायुसैनिक :
वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात मी इंजिनाची बाजू जोडतो, कारण हेलिकॉप्टरच्या देखभालीत माझे आयुष्य गेले. इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे पडते, हा गैरसमज आहे. वैमानिक लगेच पात्यांचा कोन कमी करतो, खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहतो, आणि जमीन जवळ आली की पंख्यात साठलेला तोच जोर वापरून यंत्र हळुवार टेकवता येते. आम्ही याचा सराव कितीतरी वेळा पाहिला आहे. पण त्यासाठी हाताशी एक तर उंची हवी किंवा वेग हवा. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो, त्यात एक भाग छायांकित असतो, आणि त्या भागात इंजिन गेले तर सुखरूप उतरण्याची आशा फार थोडी राहते. वैमानिक त्याला ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. चित्रपटवाल्यांना हवे असलेले दृश्य, म्हणजे कमी उंची आणि जवळजवळ शून्य वेग, हे बरोबर त्या छायेत बसते.

दोन इंजिनांचे यंत्र घेतले की प्रश्न बराच कमी होतो, हे खरे. तरीही २९ नोव्हेंबर २०१३ रोजी ग्लासगो शहरात पोलिसांचे हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळले, ते दोन इंजिनांचेच होते. इंधनाचा पुरवठा तुटून दोन्ही इंजिने बंद पडली आणि दहा माणसे गेली. ते तर पोलिसांच्या कामावर होते. राजवाड्याभोवती उतरायला मोकळी जागा म्हणजे समोरची अहिल्यादेवींच्या पुतळ्याची बाग, आणि गेरच्या दिवशी तेथे पाय ठेवायला जागा नसते.

सराफ्याजवळची :
निवडणुकीच्या दिवसांत आमच्या माहेरच्या गावी नेत्याचे हेलिकॉप्टर उतरणार होते, म्हणून सकाळीच टँकरने मैदान भिजवले होते आणि चुन्याने मोठा गोल आखला होता. इतके करूनही ते उतरताना माझ्या हातातल्या नातवाचे डोळे धुळीने भरले, आणि दूर उभ्या मंडपाची एक कनात बांबूसकट उखडून लोकांच्या अंगावर आली. ते तर मोकळे मैदान होते आणि सर्वांना आधी माहीत होते.

राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे आहेत. १९८४ साली तो जळला आणि पुढे किती कष्टाने उभा केला गेला, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. कारंज्यापाशी बसणारी कबुतरे आवाजाने एकदम उठली तर ती जाणार कोठे? हेलिकॉप्टरच्याच वाटेत जाणार. चित्रीकरणवाले भाऊ, तुमचे पोट त्यावर आहे हे मला समजते, आणि महेश्वरला शूटिंग झाले तर आम्हालाही आनंदच होतो. पण सराफ्यात, शितलामाता बाजारात घरे एकमेकांना खेटून आहेत. काही बिघडले तर वैमानिकाने वळायचे कोठे?

चित्रीकरणवाला :
निवृत्त वायुसैनिक यांच्या आलेखाविषयी मी आज आमच्या वैमानिक मित्राला विचारले. त्यानेही तेच सांगितले, म्हणून गेरच्या गर्दीवर खाली येण्याचा आग्रह मी सोडतो. परंतु सरसकट बंदीला माझी संमती नाही. रविवारी पहाटे, बाजार बंद असताना, दोन इंजिनांचे यंत्र, दोन अनुभवी वैमानिक, रस्ता दोन तास मोकळा, आणि थांबायचे नाही तर वेगाने एकदाच पलीकडे निघून जायचे, असे ठरवले तर कोणाला त्रास होईल? गेरचे दृश्य ३०० मीटरवरून लांब लेन्सने घेऊ. गुलालाचा ढग तेथूनच अधिक शोभतो, असे माझे मत आहे.

रामबागकर :
३०० मीटरवरून घेणार असाल तर माझी हरकत नाही, आणि तसे मी मंडळाला कळवतो. पहाटेच्या उड्डाणाबाबत मात्र आपल्यात अजून अंतर आहे. पहाटे बाजार बंद असतो, घरे बंद नसतात. माणसे त्याच दुकानांच्या वर झोपलेली असतात, त्यात आजारी माणसे आणि तान्ही मुलेही असतात. निदान आठ दिवस आधी त्या पट्ट्यातील प्रत्येक घरी लेखी सूचना जावी, उड्डाणाचा मार्ग नकाशावर दाखवावा, नुकसान झाले तर भरपाई कोण आणि किती दिवसांत देणार हे त्यात लिहावे, आणि एखाद्या गल्लीने नको म्हटले तर मार्ग बदलावा. निर्मात्याला हे मान्य आहे का, ते विचारून सांगा. तोपर्यंत पाठिंब्याच्या पत्रावर मी सही करणार नाही. पुढची बैठक रविवारी सायंकाळी सहाला आहे. ज्यांची घरे राजवाडा, खजुरी बाजार आणि शितलामाता बाजार या भागात आहेत त्यांनी अवश्य यावे.