बापाची दारू सुटेपर्यंत मुलांनी थांबायचं का?

निळी छत्री (धागाकर्ती)

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. त्यात सातवीतली एक मुलगी आहे. वर्ग तिच्याच गल्लीत भरतो. गणित सोडवता सोडवता ती मध्येच थांबते, कारण बाहेर कुणीतरी गाडी लावत असतं. स्टँड एका झटक्यात लागला तर ती पुन्हा वहीत डोकं घालते. दोन-तीनदा खडखड झाली की बाप पिऊन आला हे ओळखून दप्तर भरते, धाकट्या भावाला उठवते आणि निघते. घरी आई एकटी आहे, एवढंच सांगते.

या मुलीसाठी काय करायचं यावरून आमच्यातच वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की मूळ बापात आहे. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा, मुलं आपोआप सावरतील.

मला हे अजिबात मान्य नाही. माणूस उपचाराला तयार होईपर्यंत वर्षं जातात. मग ॲडमिट होणं, मग घरी येणं, पुन्हा पिणं, पुन्हा ॲडमिट होणं. तोवर ही मुलगी दहावीला पोचलेली असेल. बापाच्या मनाच्या तयारीवर तिची मदत कशासाठी टांगून ठेवायची? एकदा ती सहज म्हणाली, "मला चाचणीत कमी पडले ना, म्हणून पप्पा पिऊन आले." दारुड्यांच्या नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन हा गट अमेरिकेत १९५१ साली निघाला आणि १९५७ साली किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन वेगळा निघाला. तिथे तीन वाक्यं सांगतात: हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या आटोक्यातलं नाही, हे मी बरं करू शकत नाही. आमच्या मुलीला ही वाक्यं आज ऐकायला हवीत. बाप पीत असतानाच.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा मागोवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक दशकं घेतला. त्यातली जी मुलं दारुड्या आईबापांची होती, त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त अठराव्या वर्षापर्यंत बऱ्यापैकी सावरलेली होती. अडचणीच्या घरांतून जी मुलं तगली, त्यांच्या वाट्याला निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस आलेलं होतं, हे या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलं. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. ते माणूस शाळेत मिळावं आणि त्यासाठी बापाच्या परवानगीची अट नसावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

शनिवारातले

ताई, तळमळ कळते, पण गाडी चुकीच्या दिशेला चालली आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. घरच्यांना बरोबर घेतल्याशिवाय उपचार पुरे होत नाहीत, हे पुण्याला तिथून कळलं. रुग्णमित्रांच्या, म्हणजे तिथे उपचार घेणाऱ्यांच्या, बायकांसाठी त्यांचा 'सहचरी' गट आहे. म्हणजे घर एकत्र धरून चालायचं. तुम्ही मुलीला वेगळं काढून बोलायला लागलात की घरात बाप हा एकटा आरोपी होतो. मी अशा घरांमधून पाठपुराव्याचं काम केलं आहे. सगळं घर आपल्याविरुद्ध आहे, हे कारण माणसाला बाटलीकडे जायला पुरेसं होतं.

आणखी एक, आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. मुलीला किंवा आईला "बाटली ओतून टाका, आजपासून बंद करा" असं कुणी सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस भलतंच बडबडू लागतो, वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

निळी छत्री

दुसरा परिच्छेद शंभर टक्के मान्य. पहिला नाही. बायकांचा गट हवा, तर मुलांचा का नको? आणि सहचरीला जाणारी बाईसुद्धा नवऱ्याची परवानगी काढून जात नाही.

कर्वे रोड

वस्तीचं उदाहरण वाचून कुणी सुटकेचा श्वास टाकू नये. माझे बाबा बँकेत अधिकारी होते. आमचा टू बीएचके होता, गणपतीत आरास पाहायला लोक यायचे. बाबांना ॲसिडिटी आहे म्हणून ते झोपलेत, हे वाक्य आईनं मला पहिलीत शिकवलं. पाहुण्यांना, वॉचमनला, आजीलासुद्धा तेच. मी ते इतकं छान म्हणायचे की माझाच त्यावर विश्वास बसायचा.

शनिवारातले काका, बाबांची दारू खरंच सुटली. मी कॉलेजात होते तेव्हा. घरात पेढे आले. दुसऱ्या आठवड्यात ते मला विचारायला लागले, उशीर का झाला, कुणाबरोबर होतीस. दहा वर्षं वीजबिल, गॅसचा नंबर, भावाची फी मी सांभाळली होती. आता मला एकदम लेक व्हायचं होतं आणि ते मला येत नव्हतं. बाबांच्या पाठपुराव्याला कागद होता, तारखा होत्या. माझ्यासाठी काहीच नव्हतं. त्यामुळे 'मुलं आपोआप सावरतील' हे मी तरी मानणार नाही.

पण धागाकर्तीलाही एक सांगायचं आहे. मुलीला बोलतं करायला जाऊ नका. नववीत आमच्या बाईंनी एकदाच विचारलं, "घरी अभ्यास होतो का?" मी म्हटलं, होतो. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर लायब्ररीत बसायला दिलं. कारण विचारलं नाही, वर्गात सांगितलं नाही. कुणी समोर बसवून "मनातलं सांग" म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नसते.

सिंहगड रोड

एवढी चर्चा कशाला? बाईनं मुलं घेऊन माहेरी जावं. पिणाऱ्याला एकटं पडल्याशिवाय अक्कल येत नाही.

कात्रज घाट

माहेरी भावजय असते, एकच खोली असते आणि शाळा सुटते ती वेगळीच. शिवाय घर बाईनंच का सोडायचं? कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर राहायचा आदेश देऊ शकतात. मारहाणच व्हायला हवी असं नाही. घरखर्चाचा पैसा अडवणं, बायकोचे दागिने विकणं हाही त्या कायद्यात छळच आहे. अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात.

मुलांसाठी बाल न्याय कायदा २०१५ आहे. पालक सांभाळायला असमर्थ असतील तर मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरतं आणि प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. इथे लोक घाबरतात, मूल उचलून नेतील म्हणून. पण संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, असं तोच कायदा सांगतो. आणि पोराला क्वार्टर आणायला पिटाळणाऱ्यांनी कलम ७८ वाचावं. मुलाकडून दारूची ने-आण करून घेतली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

खडू-फळा

मी शिक्षिका आहे. सगळ्यांच्या यादीत शेवटी आमचं नाव येतं, म्हणून लिहिते. वर्गात साठ मुलं आहेत. दारूचं घर कुठलं हे आम्हाला कळतंच, डबा, गैरहजेरी, सोमवारचा चेहरा बघून. कळल्यावर पुढे काय? माझ्या एका सहकारी बाईंनी अशाच एका मुलाची विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी वडील पिऊन गेटवर आले, बाईंचं नाव घेऊन ओरडले, आणि त्या मुलानं ते सगळ्या शाळेसमोर ऐकलं. नंतर ते मूल बाईंच्या नजरेला नजर देईना. बापाची परवानगी नको म्हणणं सोपं आहे. तो गेटवर आला की समोर कोण उभं राहणार, तेही सांगा. आणि स्टाफरूममध्ये नाव फुटलं तर त्या पोराला 'बेवड्याचा' ही पदवी चिकटते ती कायमची.

निळी छत्री

बाई, तुमचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. शाळेत यादी करू नये, हे मला पटतं. नावं लिहूच नयेत. लायब्ररी सहा वाजेपर्यंत सगळ्यांनाच उघडी ठेवली तर कोण कशासाठी बसलंय हे कुणाला कळणार? मार, उपासमार किंवा त्याहून वाईट काही दिसलं, तर मात्र ते शिक्षकानं एकट्यानं अंगावर घेऊ नये. मुख्याध्यापकांना सांगून १०९८ ला फोन करावा. ती मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते.

शनिवारातले

२००३ साली ब्रिटनमध्ये 'हिडन हार्म' नावाचा सरकारी सल्लागार मंडळाचा अहवाल आला होता. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या पालकांच्या मुलांवर होता, पण इथेही लागू पडतो. पालकावर परिणामकारक उपचार झाले तर मुलाला मोठा फायदा होऊ शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

कर्वे रोड

काका, मुलांना होणारी हानी कमी करणं हे धोरणाचं एक मुख्य उद्दिष्ट हवं, हेही त्याच अहवालात आहे.

शनिवारातले

आहे, नाकारत नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. बापाला वगळून जे उभं कराल, ते तो सुधारून घरी आला की त्याला सलत राहील. आईला विश्वासात घ्या, एवढं तरी कराल ना? वडिलांसाठी १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तो नंबर आईकडे असू दे. सहचरीच्या बैठकीला पहिल्या वेळी मी आणि सौ. त्यांच्याबरोबर येऊ. एकट्या बाईचं पाऊल उचलत नाही.

निळी छत्री

आईला पहिल्यापासून सांगूनच करणार. वडिलांना विचारणार नाही, त्यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. तुम्ही दोघं याल तर फार बरं होईल. फक्त त्या चार घरची धुणीभांडी करतात, दुपारी दोनच्या आधी सुटत नाहीत. बैठकीची वेळ विचारून इथेच कळवा, मी एका घरची सुट्टी मागून ठेवते.