दौलताबाद-खुलताबाद एका दिवसात, गाइड आणि जेवणासकट: घ्यावी का ही सहल?

पायवाट
छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींच्या जाहिराती सगळीकडे दिसतात. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, येताना मकबरा आणि पाणचक्की. सोबत गाइड, शिवाय ‘अस्सल मराठवाडी जेवण’. माझं स्पष्ट मत, घेऊच नये. दौलताबाद नीट चढून उतरायचा तर अर्धा दिवस जातो. म्हणून चांदमिनार आणि भारतमाता मंदिर दाखवलं की चला गाडीत. खंदक, अंधारी (डोंगरातला काळोखा भुयारी रस्ता), म्हणजे ज्याच्या जोरावर हा किल्ला अभेद्य म्हणवला गेला, ते राहूनच जातं. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन झालं की पुढे. या गावाला कोट आहे, वेशी आहेत, हे सांगायला कुणाला वेळ नसतो. जेवण म्हणाल तर धाब्यावरचं पनीर, तंदुरी रोटी नि गुलाबजाम. त्यात मराठवाडी काय, तर वाढणारा पोरगा.

जालन्याची लेक
‘घेऊच नये’ जरा जास्तच झालं. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना अंधारीतली वटवाघळं नको होती, घृष्णेश्वर हवा होता आणि कैलास लेणं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. गाडी दारात आली, संध्याकाळी दारात सोडलं. एसटीने आणि रिक्षाने हे कसं जमवणार होते मी? पायात जोर असणाऱ्यांनी सगळ्यांसाठी नियम करू नयेत.

निवृत्त मास्तर
मी गाइडच्या बाजूने. वेरूळला जाणारा रस्ता दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून जातो. रविवारी तिथे गाड्या तुंबतात, लोक हॉर्न वाजवत बसतात, पण आपण अंबरकोटातून आत शिरतोय हे गाडीतल्या कुणाच्या गावीही नसतं. अंबरकोट हा बाहेरचा तट. रयतेची वस्ती त्याच्या आत होती. त्याच्या आत महाकोट, आणि डोंगराच्या पायथ्याशी काळाकोट. तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून राजधानी आणली ती इथे. पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसवली, शहराचा जीव तिकडे गेला. त्या खडकीचंच औरंगाबाद झालं आणि मराठ्यांच्या धाडींच्या भीतीने औरंगजेबाने १६८२ मध्ये त्याला तट घातला. म्हणजे दौलताबाद आणि शहर ही दोन वेगळी ठिकाणं नव्हेतच, एकच राजधानी जागा बदलत गेली. हे फलकावर वाचून कळत नाही. सांगणारा लागतो, आणि त्याला बोलायला वेळ लागतो.

पायवाट
मास्तर, शेवटचं वाक्य तुम्ही माझंच बोललात! गाइडशी माझं भांडण नाही, सहा ठिकाणांच्या यादीशी आहे.

खुलताबादकर
गावातलाच आहे म्हणून लिहितो. बाहेरून येणारे बहुतेक जण एकच कबर विचारतात, औरंगजेबाची. मग फोटो तरी काढतात, नाहीतर वाद घालतात. याच गावात हैदराबादचा पहिला निजाम आहे, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह, ज्याला दौलताबादला कैदेत ठेवलं होतं, तोही इथेच. मलिक अंबरची कबर गावालगत आहे, तिकडे दिवसाला चार माणसं फिरकली तर पुष्कळ. सहलवाल्यांनी दोन तास दिले तर आमच्याकडची पोरं तटाच्या कडेने फिरवून आणतील, त्यांनाही चार पैसे मिळतील.
जेवणाचं म्हणाल तर इकडची चीज नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान. तुघलकाच्या लष्कराबरोबर आली म्हणतात. पण ती देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, लग्नाकार्याच्या मापाने शिजते. आदल्या दिवशी सांगितलं तर होतं, गाडी थांबवून ऑर्डर दिली तर नाही. आणि एक विनंती: ‘स्थानिक घरात जेवण’ विकू नका. परक्यांनी स्वयंपाकघरात मोबाइल धरून उभं राहिलेलं आमच्या बायकांना आवडत नाही.

चटणीभाकर
शाकाहारी माणसाने काय करायचं? पारंपरिक म्हटलं की मटणच का आठवतं तुम्हाला? येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, धपाटे, ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर ताक. एवढं हॉटेलात का मिळू नये? कारण प्रवासी पनीरच मागतात. कंपनीला शिव्या देण्याआधी आपली ताटं बघा.

जालन्याची लेक
हे शंभर टक्के पटलं. आमच्या गाडीत पिठल्याचा पर्याय होता, अख्ख्या गाडीतून आम्ही दोघीच घेणाऱ्या.

निवृत्त मास्तर
मग वेरूळ काढूनच टाका यादीतून, त्याला स्वतंत्र दिवस द्या. सकाळी ऊन चढायच्या आत दौलताबाद, दुपारी खुलताबाद, संध्याकाळी शहरात भडकल दरवाजा आणि मकाई दरवाजा. ज्यांना वेरूळ-घृष्णेश्वर हवंय त्यांची गाडी वेगळी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तोच वार या सहलीला धरावा.

जालन्याची लेक
मंगळवारी रजा कोण देणार मास्तर? लोक शनिवार-रविवारीच निघतात.

खुलताबादकर
शनिवारी भद्रा मारुतीला एवढी गर्दी असते की तुमची बस वेशीपर्यंतसुद्धा येणार नाही. रविवारी या, पण सकाळी सातला दौलताबादच्या दरवाजात हजर राहा.