नवशिक्याने डिजिटल रंगाला हात कधी लावावा?

मूळ लेख : कोरा कागद

कोल्हापुरात मी शाळकरी मुलांना शासकीय रेखाकला परीक्षांसाठी, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी, चित्रकला शिकवतो. गेल्या तीन वर्षांपासून त्यांच्यापैकी ज्यांना टॅबलेटवर काम करायचे असते त्यांची वेगळी तुकडीही घेतो. या दोन्ही तुकड्यांच्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडतो. डिजिटल चित्रकला शिकणाऱ्या नवशिक्याने पहिले सहा महिने रंगाला हात लावू नये. एकच लेयर (म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या पारदर्शक थरांपैकी एक), एकच कडक कडेचा ब्रश आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पाच राखाडी छटा, एवढ्याच साधनांवर त्याने काम करावे.

हे मत बनण्याचे कारण सांगतो. दहावीतल्या एका विद्यार्थ्याने मला स्वतःचे चित्र दाखवले. खिडकीपाशी बसलेली मुलगी, पिवळा कुर्ता, फिकट हिरवी भिंत, केसांवर चमक आणि एकूण बारा लेयर. पहिल्या नजरेला चित्र आकर्षक होते. मी सगळ्यात वर एक काळा लेयर टाकून खालच्या चित्राशी मिसळण्याचा त्याचा प्रकार 'कलर' असा केला, त्यामुळे चित्रातला रंग निघून गेला आणि फक्त उजळ-गडदपणा उरला. चेहरा, कुर्ता आणि भिंत या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच राखाडीत विरघळल्या. खिडकीतून येणारा उजेड नेमका कोणत्या बाजूचा आहे हे त्या चित्रात कुठेच नव्हते. मुलाने रंग वेगवेगळे निवडले होते आणि रंग वेगळे म्हणजे छटाही वेगळ्या, असे त्याच्या डोळ्यांनी मानले होते. नवशिक्याची नेमकी हीच फसगत होते, आणि रंग निवडण्याची तयार चकती हाताशी असली की ती अधिक काळ लपून राहते.

आकाराचेही तसेच आहे. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याच्या तोंडाचा लंबगोल आणि बुडाचा लंबगोल सारखा नसतो. बूड डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे तिथला लंबगोल अधिक उघडा दिसतो. तांब्यावर पडणारी स्वछाया, तिच्या कडेला बुडाकडून परत येणारा उजेड आणि पाटावर पडलेली पडछाया यांचा क्रम एकदा राखाडीत हाताखालून गेला की पुढे कोणताही रंग आला तरी तो क्रम मोडत नाही. तो गेला नाही तर मूल आकाराच्या सगळ्या कडा सारख्याच गडद करत राहते आणि प्रत्येक वस्तू फुगलेल्या उशीसारखी दिसू लागते.

सहा महिने ही मुदत कठोर वाटेल, याची मला कल्पना आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी ते अवश्य मांडावे.

प्रतिसाद १ : जांभळी सावली

सर, आपल्या निरीक्षणाशी मी सहमत आहे, पण त्यावरून आपण काढलेल्या नियमाला माझा ठाम विरोध आहे. मी नाशिकला असते आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढून उदरनिर्वाह करते. माझी सुरुवात मोबाइलवर, बोटाने, इतरांनी काढलेली रेखाचित्रे रंगवण्यापासून झाली. त्या वेळी मला कोणी सांगितले असते की सहा महिने राखाडी तांब्या काढ, तर मी चौथ्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवला असता आणि आज या चर्चेत लिहायला आले नसते. माझ्यासारखी मुले रंगाच्या ओढीने या कामात शिरतात. ती ओढ तोडून शिस्त लावता येते का, हा माझा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, छायाप्रकाश मी रंगातूनच शिकले. सुरुवातीला मी त्वचेच्या रंगावर 'मल्टिप्लाय' प्रकारचा लेयर टाकून त्यात राखाडीने सावली काढत असे आणि चेहरा मळकट दिसे. बरेच दिवस मला कारण कळले नाही. मग समजले की मल्टिप्लाय म्हणजे खरोखरचा गुणाकार असतो. पांढरा म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, आणि ०.८ वर ०.५ ठेवले की ०.४ उरते. राखाडी वापरला की लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही घटक एकाच प्रमाणात कमी होतात, त्यामुळे रंग नुसता गडद होतो, त्याची जात बदलत नाही आणि सावली निर्जीव होते. तिथे फिकट जांभळा वापरला की हिरवा घटक अधिक कमी होतो, निळा कमी प्रमाणात कमी होतो आणि सावलीत श्वास येतो. उन्हात उभ्या माणसाच्या सावलीत आकाशाचा निळा उजेड उतरतो, हे मी या धडपडीनंतर अंगणात जाऊन पाहिले. राखाडीच्या तुकडीत बसून मला हा प्रश्नच पडला नसता, कारण तो प्रश्न राखाडीत उद्भवतच नाही.

प्रतिसाद २ : पाणरंग

मी मूळ लेखकाच्या बाजूचा आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. मला रंगाची भीती वाटत नाही, मला चिंता आहे ती 'अनडू'ची, म्हणजे काढलेले मागे घेणाऱ्या बटणाची.

जलरंगात उजेड हा कागदाचा पांढरा असतो. तो आधीच राखून ठेवावा लागतो, कारण फिकटाकडून गडदाकडे जाताना एकदा झाकलेला पांढरा परत मिळत नाही. पंचगंगेच्या घाटावर सकाळी बसलेल्या माणसाला पहिला हात लावण्यापूर्वीच ठरवावे लागते की पाण्यावरची चमक कुठे राहणार आहे. हे ठरवणे म्हणजेच चित्र काढणे, असे मी मानतो. माझ्या ओळखीतला एक तरुण टॅबलेटवर एक वक्र रेषा तीस वेळा काढतो आणि तीस वेळा मागे घेतो. शेवटी जी रेषा राहते ती बरी असते, पण ती का बरी आहे हे त्याला सांगता येत नाही, कारण चुकलेल्या एकोणतीस रेषा त्याने डोळ्यांसमोर राहूच दिलेल्या नाहीत. कागदावर चुकीची रेषा तशीच राहते आणि तिच्याच आधाराने दुसरी दुरुस्त होते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की रंग खुशाल वापरू द्यावेत, परंतु पहिले काही महिने अनडूचे बटण बंद ठेवावे.

प्रतिसाद ३ : छपाईवाला

कागदावर शिकलेले जसेच्या तसे पडद्यावर उपयोगी पडते, असे वरच्या लेखनात गृहीत धरलेले दिसते. माझा व्यवसाय छपाईपूर्व रंगतपासणीचा असल्यामुळे या गृहीतकाचा फटका मी नेहमी पाहतो.

शाळेत पोस्टर रंगाच्या बाटल्यांनी आपण शिकलो की पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो. नवशिक्या तोच विश्वास घेऊन टॅबलेटवर येतो. पडद्यावर प्रत्येक घटक ० ते २५५ असा मोजतात. शुद्ध पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५ आणि निळा ०, तर शुद्ध निळा म्हणजे ०, ० आणि २५५. यांचे साधे समप्रमाण मिश्रण केले तर तिन्ही घटक जवळजवळ १२८ वर येतात आणि हाती राखाडी लागतो. बाटलीतला रंग उजेड शोषतो, पडदा उजेड बाहेर टाकतो. दोन्हींचा हिशेब वेगळा आहे आणि तो पहिल्या आठवड्यातच सांगितला पाहिजे. सहा महिने राखाडीत ठेवून सातव्या महिन्यात हे सांगितले तर विद्यार्थ्याला ती फसवणूक वाटेल.

'कोरा कागद' यांनी वापरलेली तपासणीची पद्धत मात्र योग्य आहे आणि तिच्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण पुष्कळ जण तीच गोष्ट चुकीच्या मार्गाने करतात. ते रंगाची तीव्रता शून्यावर नेणारी पट्टी ओढतात. त्या पट्टीमागचे गणित बऱ्याचदा असे असते की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा हे दोन्ही एकाच मधल्या राखाडीवर येतात, जे डोळ्यांच्या अनुभवाला धरून नाही. डोळ्याला हिरवा घटक सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत गडद. एका प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. त्यानुसार पिवळ्याचा उजळपणा ८९ टक्के भरतो आणि निळ्याचा केवळ ११. क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रंग काढून टाकताना यांपैकी कोणते गणित वापरायचे हे निवडता येते. शिकवणाऱ्याने ही निवड दाखवलीच पाहिजे.

एकच लेयर वापरण्याचा आग्रहही मला पटत नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात चित्रे शिळाछापाने छापली जात आणि त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. साडीच्या निऱ्यांमधल्या एका छटेत कोणत्या दगडाचा किती वाटा आहे हे कारागिराला आधी मनात फोडून पाहावे लागत असे. थरांमध्ये विचार करणे ही आपल्या चित्रछपाईतली जुनी विद्या आहे, आणि ती सुरुवातीपासून शिकवण्यात काही गैर नाही.

प्रतिसाद ४ : एक पालक

चर्चा वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. माझी मुलगी आठवीत आहे आणि माझ्याच मोबाइलवर बोटाने चित्रे रंगवते. तिला टॅबलेट घेऊन द्यावा की आधी कागदावरच्या शिकवणीला घालावे? दोन्ही एकदम परवडणारे नाही.

प्रतिसाद ५ : जांभळी सावली

दादा, टॅबलेटची घाई करू नका. मोबाइलवर आयबिस पेंटसारख्या ॲपमध्ये लेयर, मल्टिप्लाय आणि क्लिपिंग मास्क (वरच्या थरातला रंग खालच्या आकाराबाहेर जाऊ न देणारी सोय) हे सगळे मिळते, त्यामुळे रंगकाम शिकण्यासाठी तिच्याकडे पुरेसे साधन आहे. मोबाइलवर शिकता येत नाही ती रेषा, कारण बोटाचा दाब पडद्याला कळत नाही आणि लहान पडद्यावर हात मनगटातूनच फिरतो, खांद्यातून फिरत नाही. त्यासाठी साधी वही आणि पेन्सिल द्या. पुढे घ्यायचाच झाला तर पडदा नसलेला, संगणकाला जोडायचा पेन टॅबलेट स्वस्त पडतो. त्यावर हात खाली आणि नजर समोर असते, याची सवय होण्यास काही आठवडे लागतात, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती निराश होणार नाही.

आता 'पाणरंग' यांच्याविषयी. काका, एकोणतीस रेषा पुसणारा तरुण मी ओळखते, कारण मीही तेच करत असे. परंतु अनडू बंद ठेवल्याने रंगातले शिक्षण थांबेल, असे मला वाटते. कागदावर एका चित्रासाठी पाच वेगवेगळ्या वेळांचा उजेड रंगवून पाहायचा तर पाच कागद आणि पाच दिवस लागतात. पडद्यावर मी तेच रेखाटन एका संध्याकाळी पाच प्रकारे रंगवते आणि पाचही शेजारी मांडून पाहते. ज्या मुलीच्या घरी चांगला जलरंगाचा कागद परवडत नाही, तिच्यासाठी ही तुलना करण्याची सोय हीच खरी शाळा आहे.

प्रतिसाद ६ : पाणरंग

पाच प्रकार शेजारी मांडण्याचा मुद्दा मला मान्य आहे, कारण तिथे आधीचे काही पुसले जात नाही. मी ज्याला विरोध करतो ते पुसणे आहे. तेव्हा माझी सूचना सुधारून मांडतो. चुकलेला थर पुसू नये, तो झाकून ठेवावा आणि आठवड्याच्या शेवटी सगळे झाकलेले थर उघडून पाहावेत. लिओनार्दो दा विंची यांनी चित्रकाराला आपले काम आरशात पाहण्याचा सल्ला दिला होता, कारण उलटे दिसलेले चित्र परक्याचे वाटते आणि त्यातले दोष दिसतात. पडद्यावर हेच काम चित्र आडवे उलटवणाऱ्या एका बटणाने होते, आणि ते बटण मात्र मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी दाखवीन.

प्रतिसाद ७ : कोरा कागद

सर्वांचे मनापासून आभार. 'छपाईवाला' यांचे पिवळ्या-निळ्याचे उदाहरण मी उद्याच वर्गात करून दाखवणार आहे, आणि एका लेयरचा आग्रह मी मागे घेतो. आकाराचा एक, सावलीचा एक आणि उजेडाचा एक, असे तीन थर देण्यास हरकत नाही.

राखाडीचा आग्रह मात्र मी सोडत नाही, आणि 'जांभळी सावली' यांना त्याचे कारण नम्रपणे सांगतो. आपण धडपडत शिकलात, त्यात आपली चिकाटी होती. सावली मळकट का दिसते, असा प्रश्न पडण्यासाठी आधी ती मळकट दिसावी लागते. माझ्या तुकडीतल्या अनेक मुलांना ती मळकट दिसतच नाही, कारण चित्र रंगीत आहे यातच त्यांचे समाधान होते. पाच छटांची पट्टी रोज हाताने काढणाऱ्या मुलाला तीन-चार आठवड्यांत समोरच्या भिंतीतली छटा त्या पट्टीवर कुठे बसते हे दिसू लागते, आणि ते दिसू लागल्याचे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळते. तो क्षण मी घाईने रंग हाती देऊन गमावू इच्छित नाही.

तरीही कालावधी ठरवण्यात माझी चूक झाली, हे कबूल करतो. सहा महिन्यांची मुदत ही परीक्षेच्या वेळापत्रकाची सवय आहे. त्याऐवजी कसोटी ठेवतो. तांब्या, वांगे आणि चुरगळलेला रुमाल या तीन वस्तू पाच छटांत ओळखू येतील अशा काढल्या की रंग सुरू, मग त्याला तीन आठवडे लागोत की पाच महिने. आणि आपल्या म्हणण्याचा मान राखून शनिवारचा एक तास मुलांनी हवे ते रंगवावे. तो तास मी नव्या तुकडीपासून सुरू करतो, आणि सोमवारी त्याच चित्रावर काळा लेयर टाकून आम्ही ते एकत्र तपासू.

प्रतिसाद ८ : जांभळी सावली

सर, कसोटीची कल्पना मुदतीपेक्षा कितीतरी न्याय्य आहे, आणि शनिवारचा तास दिल्याबद्दल आपल्या तुकडीतल्या मुलांच्या वतीने मीच आपले आभार मानते. माझी एकच विनंती आहे. सोमवारी काळा लेयर त्या मुलाच्या स्वतःच्या हाताने टाकू द्या, आणि शनिवारच्या चित्राला गुण देऊ नका.