मदत हवी आहे: नववीतून शाळा सुटली, वय ४४, बी.ए. मराठी करायचं आहे

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

राहायला कळव्यात, काम वागळे इस्टेटमध्ये. डीटीपी करतो. १९९६ साली वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलोच नाही. छापखान्यात आधी कागद मोजायला, मग बाइंडिंगला, मग एक दिवस मालकांनी संगणकासमोर बसवलं ते आजतागायत. पत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल करतो, पण जास्त करून पीएच.डी.चे प्रबंध. संदर्भसूचीत एक ओळ वाढली की पुढची चाळीस पानं सरकतात, हे दुखणं ज्याचं त्यालाच ठाऊक. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटली की आपलं काम संपलं. ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीला माझं नाव असतं, 'सुबक अक्षरजुळणी केल्याबद्दल'. असे एकोणीस प्रबंध झाले. आईने त्यातल्या दोन पानांच्या झेरॉक्स देव्हाऱ्याखाली जपून ठेवल्यात, ते सोडा.

गेल्या महिन्यात एक बाई प्रूफ बघायला आल्या. चौथ्या प्रकरणात त्यांनी सगळीकडे 'कवियत्री' लिहिलं होतं, मी पेन्सिलने 'कवयित्री' केलं होतं. एका लेखकाचं जन्मसाल दोन पानांवर दोन तऱ्हेचं पडलं होतं, तिथेही खूण होती. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "दादा, तुमचं एम.ए. कुठल्या कॉलेजातून?" मी स्टेपलरमध्ये पिना भरत बसलो. खरं काय ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तर आता विचारतो.

१) नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून थेट बी.ए.ला बसता येतं, असं छापखान्यातच एकाने सांगितलं. त्याने स्वतः तसं केलंय, पण बऱ्याच वर्षांपूर्वी. अलीकडे कुणी या वाटेने गेलंय का? एका अभ्यासकेंद्रात फोन केला तर "दहावीचं मार्कशीट घेऊन या" म्हणून ठेवून दिला. अहो, ते असतं तर फोन कशाला केला असता!

२) दुसरी वाट म्हणजे सतरा नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून आधी दहावी, मग बारावी. हिशोब केला: दहावी ४५व्या वर्षी, बारावी ४७व्या, पदवी हातात येईपर्यंत पन्नास. पन्नासचं मला काही नाही, गणिताचं आहे. सातवीतच माझं आणि गणिताचं फाटलं.

३) शाळा सोडल्याचा दाखला नाही. २६ जुलै २००५ला चाळीत छातीपर्यंत पाणी होतं. ट्रंक उघडली तेव्हा रेशनकार्डाचा आणि दाखल्याचा मिळून एकच लगदा झाला होता.

कळवा स्टेशनबाहेर खांबाला एक कागद चिकटवलाय, 'डायरेक्ट दहावी-बारावी-पदवी, एका वर्षात'. फोन केला. पस्तीस हजार म्हणाला, परीक्षेला बसायचीही गरज नाही. मला परीक्षेलाच तर बसायचंय.

नोकरी बदलायची नाही, बढतीचा प्रश्न नाही. तरी बायको म्हणते, करायचं तर रीतसर कर.

प्रतिसाद

दादा, मी नवी मुंबईत काही वर्षं रात्रशाळेत शिकवलंय, म्हणून लिहिते. त्या खांबावरच्या माणसाला पुन्हा फोन करू नका. अशी पदवी फ्रेम करून लावण्यापुरतीसुद्धा कामाची नसते.

दाखल्याची काळजी नको. शाळेच्या जनरल रजिस्टरला तुमची नोंद असणार. अर्ज केला की दुय्यम प्रत मिळते. सतरा नंबरसाठी मूळ दाखला नसेल तर दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र चालतं. दहावीला किमान पाचवी पास असावं लागतं, ते तुम्ही आहातच. फॉर्म ऑनलाइन असतो. संपर्क केंद्र म्हणून जी शाळा मिळेल तिथे कागद द्यायचे. अडलंच तर ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि ते वाशीला आहे. ट्रान्सहार्बरने सरळ जाल.

आता गणित. राज्य मंडळात त्यातून सुटका नाही. पण एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीला पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा हवी, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. मराठी माध्यम आहे. नोंदणी पाच वर्षं टिकते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. माझ्या वर्गातल्या एका मावशींनी चार वर्षांत एकेक विषय सोडवला. दर निकालाला पेढे आणायच्या. आम्ही म्हणायचो, मावशी, दोन-दोन विषय द्या की, पेढ्यांचा खर्च वाचेल.

प्रतिसाद

पूर्वतयारीवाला मीच समजा. २००९ला केली, मग तीन वर्षं दर रविवारी अभ्यासकेंद्रात जाऊन बी.ए. पदवी खरी, विद्यापीठ खरं, शिकवणारेही मनापासून शिकवायचे. घोळ नंतर झाला. एका सरकारी जागेसाठी कागद तपासायला बसलो. समोरच्याने पदवी बाजूला ठेवली आणि म्हणाला, बारावी दाखवा. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. ती तेव्हा त्या विद्यापीठाचं दार उघडायची, बाहेर बारावीच्या जागी धरत नाहीत. मी ३८व्या वर्षी बारावीला बसलो, पदवीधर असून. बाकावर शेजारी अठराची पोरं. एकाने विचारलं, "काका, सुपरवायझर का?"

तुम्हाला नोकरी नको, तर नुसत्या शिकण्यासाठी ती वाट वाईट नाही. यंदाची माहितीपुस्तिका आधी स्वतः वाचा, फोनवरच्या माणसाचं ऐकू नका. पण पुढे एम.ए. मनात आलं तर? तुमचं लिहिणं वाचून वाटतं, येणार.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ताई, एनआयओएसचं मला माहीतच नव्हतं. रात्री बायकोला वाचून दाखवलं. गणित नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग मीपण भरते. ती आठवी आहे. म्हणजे आता दोन फॉर्म.

दादा, एम.ए.चं बोललात ते खरं आहे, लपवत नाही. म्हणून पूर्वतयारी सोडली, दहावीपासूनच येतो. त्या बाईंचा प्रबंध बाइंडिंगला गेलाय. न्यायला येतील तेव्हा सांगेन म्हणतो.

सोमवारी अर्धी रजा टाकून शाळेत जातोय. अर्ज आत्ताच टाईप करून ठेवला, पण एका शब्दापाशी अडलोय. दुय्यम दाखल्याच्या अर्जात कारण काय लिहावं, 'गहाळ' की 'पुरात नष्ट'? 'गहाळ' लिहिलं तर पोलीस ठाण्याचा कागद मागतील का? कुणी हल्लीच काढला असेल तर रविवार रात्रीपर्यंत सांगा.