फिस्टुलावरचे मॅट्रिक्स काढावे की ठेवावे?

धागाकर्ता (कर्णशल्यविशारद): काल एका सहकाऱ्याने लिहिले की, कोलेस्टेटोमाने (मधल्या कानात त्वचा साठून वाढणारी, हाड झिजवणारी गाठ) आतल्या कानातील, तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेला छिद्र (फिस्टुला) पाडले असताना त्यावरचे मॅट्रिक्स (त्या गाठीचे त्वचेचे आवरण) जागेवर ठेवणारा शल्यविशारद भित्रा असतो. हे वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या बाह्य अर्धवर्तुळाकार नलिकेवरचा सुमारे तीन मिलिमीटरचा फिस्टुला मी पूर्ण सोलून काढला. मॅट्रिक्स आतल्या नाजूक पटलाला चिकटलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नजर एका बाजूला झटके देत होती आणि त्या कानाचे अस्थिवहनाने (हाडाच्या कंपनातून थेट आतल्या कानाला) ऐकणे जवळजवळ संपले होते. तो त्याचा एकमेव चांगला कान नव्हता, एवढाच दिलासा. ज्याचा दुसरा कान बधिर आहे, अशा रुग्णात मी आजही ते मॅट्रिक्स ठेवीन.

प्रत्युत्तर (कर्णशल्यविशारद, विरोधी मत): तो शब्द माझा होता आणि मी तो मागे घेत नाही. मागे ठेवलेली त्वचा निर्जीव चादर नसते. ती हाड झिजवत राहते, संसर्ग आत गेला की लॅबिरिंथायटिस (आतल्या कानाचा दाह) होतो आणि तेव्हा श्रवण पूर्णपणे जाऊ शकते. आपण सांगितलेला अनुभव पद्धतीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. उर्वरित रोग आधी काढावा, फिस्टुलाला अगदी शेवटी हात लावावा, सलाइनच्या पाण्याखाली मॅट्रिक्स हळूच उचलावे, छिद्रावर सक्शन कधीही नेऊ नये आणि लगेच हाडाची भुकटी व फॅशिया (स्नायूवरचे पातळ आवरण) घालून ते बंद करावे. डॉर्नहोफर आणि मिलेव्स्की यांच्या 1995 च्या वर्गीकरणातील पहिल्या प्रकारात, म्हणजे हाड झिजलेले पण आतले पटल शाबूत असताना, श्रवण बहुधा टिकते.

जुना रुग्ण: आपण दोघेही कानाविषयी बोलत आहात, ज्याचा तो कान आहे, त्याला कोणी विचारले का? माझ्या कानात मॅट्रिक्स ठेवले होते, हे मला तीन वर्षांनी एमआरआयनंतर कळले. कागदावर फक्त ‘रोग काढला’ असे होते. शिवाय खुली पोकळी (कानामागचे पोखरलेले हाड कानाच्या वाटेत उघडे) ठेवल्यामुळे थंड वारा किंवा पाणी कानात गेले की भोवळ येते, ठरावीक काळाने सफाई करून घ्यावी लागते आणि यातले काहीही मला आधी सांगितलेले नव्हते. मी ऐकू शकतो, याबद्दल कृतज्ञ आहे. पण माझ्याच डोक्यातली गोष्ट मला ठाऊक नसावी, हा राग अजून गेलेला नाही.

विरोधी मत: आपला राग रास्त आहे, परंतु सफाईचा त्रास हा फिस्टुलाचा प्रश्न नाही.

जुना रुग्ण: माझ्यासाठी तो एकच प्रश्न आहे. खुली पोकळी ठेवायची की नाही, हे मॅट्रिक्स ठेवण्याच्या निर्णयाशी जोडलेले असते, हे आपल्याला माहीत आहे. मला ते माहीत नव्हते. मला टाळलेले धोके सांगू नका, स्वीकारलेले सांगा.

ऑडिओलॉजिस्ट: या मुद्द्यावर मी रुग्णाच्या बाजूने आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा अस्थिवहनाचा आलेख आणि दुसऱ्या कानाची स्थिती त्याच्यासमोर ठेवून बोलल्याशिवाय संमती पूर्ण होत नाही. कॉक्लिआ (आतल्या कानातला ऐकण्याचा शंखासारखा भाग) शाबूत राहिला, तर नंतर श्रवणयंत्र किंवा अस्थिवहन यंत्र उपयोगी पडते. तो गेला, तर त्या कानासाठी दोन्ही निरर्थक ठरतात.

विरोधी मत: ठीक आहे, एवढे मान्य करतो: खुल्या पोकळीत ठेवलेले मॅट्रिक्स पोकळीच्या अस्तराचाच भाग बनते, ते दिसते आणि स्वच्छ ठेवता येते. बंद मॅस्टॉइडमध्ये (कानामागच्या हाडाची पोकळी उघडी न ठेवता) मात्र ते दडून वाढते, आणि तिथे दुसऱ्या शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख नसेल, तर माझा शब्द कायम आहे. कॉक्लिआवरच्या, म्हणजे प्रोमॉन्टरीवरच्या (मधल्या कानाच्या भिंतीवरील कॉक्लिआच्या फुगवट्यावरच्या) फिस्टुलाला मीही हात लावताना थांबतो. तिथे आत उघडलेल्या जागेची किंमत फार मोठी असते.

धागाकर्ता: बंद मॅस्टॉइडविषयी आपण सांगता ते मला पटते, ‘भित्रा’ मात्र अजूनही पटत नाही. माझ्या त्या रुग्णाला मी आधी सांगितले होते की कान जाऊ शकतो, पण मॅट्रिक्स ठेवण्याचा पर्यायही आहे, हे सांगितले नव्हते. वरील रुग्णाचे लिखाण वाचल्यावर ती चूक मला अधिक टोचते आहे.